अडीच मिनिटांचं पाणी

आपल्याकडच्या नेहमीच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी मावतं. भारतीय मानक ब्यूरोनं ‘टाइप बी’ म्हणून ठरवलेल्या वॉटर टेंडरचं हे माप. त्याच गाडीवरचा पंप पूर्ण ताकदीनं चालवला तर मिनिटाला अठराशे लिटर पाणी फेकतो. भागाकार सोपा आहे : अडीच मिनिटं. घंटा घणघणत, रहदारीतून वाट काढत आलेली ती लाल गाडी स्वतःच्या पाण्यावर पूर्ण जोरानं एवढाच वेळ लढू शकते. नोझल आवरून धरलं, होज रीलवर भागवलं तर टाकी पुष्कळ जास्त पुरते. पण आग मोठी असेल तर पुढची सगळी मदार गाडीबाहेर असते. हायड्रंट, विहीर, मागून येणारा टँकर आणि या सगळ्यांना पंपाशी जोडणारे पाइप. त्यातलं काय काय त्या घटकेला चालेल हे आगीच्या जागी ठरत नाही. महिनाभर आधी, केंद्राच्या आवारात, कुणीतरी हात काळे करून घेतले होते की नाही, यावर ते ठरलेलं असतं.

आणि नेमका हाच भाग आपल्या चर्चेत नसतो. अग्निशमन दलाविषयी आपण बोलतो ते खरेदीच्या भाषेत. नवे बंब किती आले, शिडी किती मीटरची, नारळ कुणी फोडला. तोच बंब पाचव्या वर्षी कोणत्या अवस्थेत आहे, हे विचारणारा नगरसेवक मला तरी क्वचितच दिसला. या लेखापुरतं मी खरेदी बाजूला ठेवतो आणि निगेकडे बघतो.

आधी ही निगा कुणाच्या गळ्यात आहे ते पाहू. मुंबईत आग विझवण्याचं काम पूर्वी पोलिसांकडे होतं. १ एप्रिल १८८७ पासून ते महापालिकेकडे आलं. पुढं ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातली. महाराष्ट्रात प्रत्येक महापालिकेचं, नगरपरिषदेचं दल वेगळं, एमआयडीसीचं आणखी वेगळं. राज्याचं संचालनालय मुंबईत आहे, पण गाड्या, माणसं आणि गॅरेज त्या त्या संस्थेचं. शेजारच्या गोव्यात उलट व्यवस्था आहे. तिथं एकच राज्यव्यापी संचालनालय, पणजीत मुख्यालय, पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकच दल. छोट्या राज्याला ते परवडतं हे खरं. पण सुट्या भागांचा साठा, यंत्रचालकांचं प्रशिक्षण, गाड्यांच्या नोंदी एका जागी असण्याचा फायदा निगेच्या बाबतीत सर्वांत जास्त दिसतो. आपल्याकडे मुंबईसारख्या पालिकेकडे स्वतंत्र यंत्रणा असते, तर एखाद्या तालुक्याच्या गावी नगरपरिषदेचा एकुलता एक बंब कचऱ्याच्या घंटागाड्यांच्या रांगेत उभा असतो आणि त्याच मेकॅनिकच्या हाताखाली जातो. त्या मेकॅनिकला इंजिन कळतं. पंप त्याला कुणी शिकवलेलाच नसतो.

‘बंब’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज ‘बॉम्बा’वरून आला. बॉम्बा म्हणजे पंप. म्हणजे शब्दानंच सांगून ठेवलंय की या गाडीचं मर्म चाकांत नाही. गंमत अशी की आपण मात्र तिला गाडी म्हणूनच सांभाळतो.

पंपाकडेच बघू. बंबावरचा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा असतो. इंजिनची ताकद पीटीओ नावाच्या जोडणीतून चाकांऐवजी त्याच्याकडे वळवली जाते आणि तो भिरभिरत पाणी बाहेर फेकतो. पण त्याची एक खोड आहे. पोटात पाणी असेल तरच तो काम करतो. हवा त्याला ओढता येत नाही. विहिरीतून किंवा नदीतून पाणी घ्यायचं तर आधी सक्शनच्या जाड पाइपातली हवा काढावी लागते. यालाच प्रायमिंग म्हणतात. हवा निघाली की बाहेरचा वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. कागदावर हा दाब दहा मीटरपर्यंत पाणी चढवू शकतो, प्रत्यक्षात सातेक मीटरच्या पुढं भरवसा धरू नये. आणि सक्शनच्या कपलिंगमधला एखादा रबरी वायसर उन्हानं तडकला असेल तर तेवढंही चढत नाही. पाण्याऐवजी हवा येत राहते, पंप रिकामा घोंघावतो, काठावर माणसं ओरडत असतात. वायसरची किंमत चहा-वड्याएवढी.

हे आधीच ओळखायची युक्ती फार जुनी आणि फुकट आहे. सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, पाणी न घेता प्रायमर चालवायचा, व्हॅक्यूमचा काटा खाली गेला की प्रायमर थांबवून नुसतं उभं राहायचं. काटा जागेवर राहिला तर पंप घट्ट आहे. सरकू लागला तर कुठंतरी गळती आहे. याला ड्राय व्हॅक्यूम टेस्ट म्हणतात. पाच मिनिटांचं काम. जिथं ते नेमानं होतं तिथल्या यंत्रचालकाच्या चेहऱ्यावर एक वेगळाच निवांतपणा असतो. पण आता पुष्कळ शहरांत पाणी टाकीतून किंवा टँकरमधूनच घेतलं जातं, सक्शन लावायची वेळच वर्ष वर्ष येत नाही. आणि जे वापरलं जात नाही ते तपासलंही जात नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात उसाचा फड किंवा कडब्याची गंजी पेटते, जवळ फक्त विहीर असते, आणि सक्शनचे पाइप गाडीवरून काढताना कळतं की त्यांची कपलिंग जाम झाली आहेत.

पाणीही सगळं सारखं नसतं. कालव्याचं गढूळ पाणी पंपाच्या आतल्या कड्या झिजवतं, समुद्राचं पाणी धातू खातं, फोमचा अंश राहिला तर चिकटून बसतो. म्हणून काम झाल्यावर पंपातून गोडं, स्वच्छ पाणी खेळवायचं असतं. बारा तासांच्या आगीनंतर, डोळे मिटत असताना, पहाटे केंद्रावर परत येऊन हे करणारा माणूस बातमीत कधीच येत नाही.

गाडीच्या बाकीच्या अंगांचंही असंच. एअर ब्रेकची गाडी रात्रभर उभी राहिली की टाक्यांमधली हवा हळूहळू गळते. हवा भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत. दुकानाच्या मालवाहू ट्रकला दोन मिनिटं थांबायला हरकत नसते. वर्दी मिळालेल्या बंबाला ती दोन मिनिटं म्हणजे टाकीतल्या जवळजवळ सगळ्या पाण्याएवढी महाग. बॅटरीचंही तेच. म्हणून चांगल्या केंद्रांत उभ्या गाडीला विजेची आणि हवेची जोडणी कायम लावलेली असते आणि गाडी हलली की ती आपोआप सुटते. खर्च नगण्य. तरी बऱ्याच ठिकाणी अजून सकाळी उठून ‘गाडी स्टार्ट करून ठेवायची’ पद्धतच चालू आहे.

टायर धावून झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. आणि मीटरवरचे किलोमीटर तर सरळ फसवतात. बंब दिवसाला चार किलोमीटर धावतो, पण आगीच्या जागी सहा तास एकाच जागी उभा राहून इंजिन घुरघुरवत पंप चालवतो. जाणकार एका तासाचं असं काम चाळीस-पन्नास किलोमीटरच्या धावेबरोबर धरतात. म्हणजे ऑइल बदलायचा हिशेब किलोमीटरवर ठेवला तर ते कधीच वेळेवर बदललं जाणार नाही. तासांचा मीटर हवा आणि तो बघून नोंद करणारा माणूस हवा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांनी यात नवी भर घातली आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला इंजिन जोरात धावावं लागतं, आणि बंब तर जास्त वेळ उभाच असतो. शिवाय बिघाड शोधायला आता पाना पुरत नाही, कंपनीचा स्कॅनर लागतो.

इथंच एक अडचण येते, जिच्याविषयी बाहेर फारसं बोललं जात नाही. आपला बंब एका कारखान्यातून येत नाही. चासी एका ट्रक कंपनीची, पंप दुसऱ्याचा, टाकी आणि कपाटं तिसऱ्या बॉडी बिल्डरची. वॉरंटीही तीन. पीटीओ घसरू लागला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गाडी त्या तिघांच्या मधे उभी राहते. खरेदीच्या निविदेतच ‘बिघाड कुणाचाही असो, दुरुस्तीची जबाबदारी एकाची’ अशी अट घालणं आणि पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा दर त्याच वेळी मागणं, हे काही अवघड नाही. सर्वांत कमी किमतीची बोली निवडताना देखभाल हिशेबात धरली तर पुष्कळदा वेगळीच गाडी स्वस्त ठरेल.

वयाचा प्रश्नही इथलाच. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार सरकारी आणि पालिकांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना त्या अधिसूचनेत सूट मिळाली. बंबांचं नाव त्यात नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी नव्या गाड्या घेतल्या. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या आवारात नीट चालणारी गाडी केवळ जन्मतारखेमुळे उभी राहिली. अमेरिकेतली एनएफपीए ही मानकं ठरवणारी संस्था जरा वेगळ्या रीतीनं विचार करते. पंधरा वर्षांनंतर गाडी पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवा, पंचविशीनंतर निवृत्त करा, आणि वय कितीही असो, दरवर्षी पंपाची चाचणी घ्या. मला हे शहाणपणाचं वाटतं. प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही, पण बंब वर्षाकाठी जेवढा धूर सोडतो तेवढा एखादी एसटी आठवड्यात सोडत असेल. राखीव गाडीचा मुद्दा मात्र त्याहून मोठा आहे. केंद्रावर एकच बंब असेल तर तो दुरुस्तीला पाठवायचा कधी? पाठवला तर गाव उघडं पडतं, नाही पाठवला तर गाडी रस्त्यात बंद पडते. सगळी निगा राखीव गाडीवर उभी असते, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री तिच्यावरच चालते.

होज पाइपांची कथा छोटी आहे. ६३ मिलिमीटरचा पाइप, दोन्ही टोकांना मानक कपलिंग. हे मानक असणं किती मोलाचं हे १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर जळताना कळलं होतं. शेजारच्या शहरांतून मदतीला आलेल्या दलांचे पाइप तिथल्या हायड्रंटला बसेनात. आपल्याकडे एका मापामुळे ठाण्याचा पाइप भिवंडीच्या बंबाला बसतो. बाकी काळजी म्हणजे काम झाल्यावर धुणं, उभं टांगून वाळवणं, घडी दर वेळी वेगळ्या जागी पाडणं. पाइप फाटतो तो बहुधा जुन्या घडीवरच. जुन्या केंद्रांमधला उंच मनोरा नुसता कवायतीसाठी नव्हता. पाइप वाळत घालायलाही तो होता. नव्या केंद्रांच्या आराखड्यांतून तो अनेकदा गायब झालेला दिसतो.

श्वसनसंचाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण इथं चूक झाली तर मरतो तो जवानच. पाठीवरच्या सहा लिटरच्या नळकांड्यात तीनशे बार दाबानं अठराशे लिटर हवा असते. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर पाऊण तास. पण अंधारात, उष्णतेत, माणूस खांद्यावर घेऊन जिना उतरताना श्वास दुपटीनं लागतो आणि परतीसाठी हवा राखावी लागते. हातात उरतो तो अर्धा तास किंवा त्याहूनही कमी. त्यात मुखवट्याची रबरी कड कडक झाली असेल तर धूर आत येतो, हवा संपत आल्याची शिट्टी वाजली नाही तर माणूस परत फिरत नाही. नळकांड्यांची ठरावीक वर्षांनी दाबाची चाचणी कायद्यानं बंधनकारक आहे. मुखवट्याची रोजची चाचणी कोणत्याही कायद्याशिवाय करायची असते. आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर? तो बंद असेल तर संच असून नसल्यासारखा. कल्याणला नोव्हेंबर २०१८मध्ये गाळ आणि विषारी वायूनं भरलेल्या एका विहिरीत उतरलेल्यांना काढताना दलाचे दोन जवान गेले. आग नव्हती, ज्वाळा नव्हती. दलाचं काम आता असंच झालंय : विहीर, गटार, लिफ्ट, कोसळलेली भिंत, पुरातली बस, मांज्यात अडकलेला पक्षी. गाडीवरचं सामानही त्या मानानं बदलायला हवं. हायड्रॉलिक कटर, दोर, गॅस मोजणारं यंत्र. या यंत्राला वेळोवेळी प्रमाणित करावं लागतं. नाहीतर ते विषारी हवेतही शून्य दाखवतं.

आता शिडी. वर्तमानपत्रांना सर्वांत प्रिय असलेली वस्तू. मुंबईच्या दलाकडे नव्वद मीटरची हायड्रॉलिक शिडी आहे, म्हणजे साधारण अठ्ठावीस-तीस मजले. शहरात साठ-सत्तर मजल्यांच्या इमारती आहेत. म्हणजे कितीही मोठी शिडी आणली तरी वरच्या निम्म्या माणसांना ती उपयोगाची नाही. त्यांना वाचवायचं ते इमारतीच्याच पंपानं, राइझर म्हणजे पाण्याच्या उभ्या पाइपानं, फायर लिफ्टनं आणि आसऱ्याच्या मजल्यानं. शिवाय ही शिडी उभी करायला पाय रोवायची जागा लागते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सांगते की सभोवतालची जागा पंचेचाळीस टनांचा भार सोसेल अशी हवी. आपण तिथं पेव्हर ब्लॉक लावतो, खाली पार्किंगचं तळघर खणतो आणि वर कारंजं बसवतो. शिडीची वार्षिक तपासणी परदेशी कंपनीच्या माणसांवर, सुटे भाग परदेशातून. एवढं मोठं यंत्र घेताना त्याचा सांभाळ पुढची वीस वर्षं कोण, कशानं करणार याचा करार नसेल तर ती शिडी दुरुस्तीत अडकलेलीच बातमीत येणार. शिवाय शिडी सगळीकडे शिरतही नाही. मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. तिथली गल्ली अरुंद होती आणि इमारत जुनी, लाकडी. आपल्या गावठाणांत, पेठांत, वाड्यांत शिडीपेक्षा लहान गाडीची गरज जास्त आहे. या बाबतीत छोट्या क्विक रिस्पॉन्स गाड्या आल्या, हे दलांनी केलेलं खरोखर चांगलं काम.

केंद्राची इमारत हा विषय तर कुणाच्याच खिजगणतीत नाही. जवान जिथं झोपतात त्याच्या खालीच बंब सुरू होतात. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली निश्चित कर्कजनक ठरवलं, आणि २०२२मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायालाच त्या यादीत बसवलं. धूर बाहेर ओढणारे पाइप, काजळी लागलेले कपडे धुवायला केंद्रातच मोठं यंत्र, राहायच्या खोल्यांपासून वेगळी ठेवलेली कपड्यांची खोली, हे सगळं चैनीचं नाही. आज बरेच जवान तो कोट घरी नेऊन, मुलांच्या कपड्यांच्याच बादलीत भिजवतात. महिला जवान भरती झाल्या. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात २००२ साली पहिली विद्यार्थिनी हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या होत्या, म्हणजे दोन दशकं उलटली. तरी महिला जवानांसाठी वेगळं प्रसाधनगृह आणि मापात बसणारे बूट आजही सगळीकडे नाहीत. मापाबाहेरचे बूट घालून कुणी शिडी चढू नये, बाई असो वा पुरुष.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट : केंद्राच्या दारासमोर बंबाची वाट अडवून लावलेल्या दुचाकी. त्या आपल्याच असतात.

पैशाकडे वळू. केंद्र सरकारनं २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी आपल्या वाट्याचे पंचवीस टक्के घालायचे. योजना चांगली आहे, गरजेची आहे. पण तिचं नावच सांगतं की ती नव्यासाठी आहे. आलेल्या गाडीचं ऑइल, वायसर, टायर, मुखवटे, मेकॅनिकचा पगार हे सगळं पालिकेच्या महसुली खर्चातून जायचं. अनुदानातून बंब मिळणं सोपं आणि त्याचा फिल्टर मिळणं अवघड, अशी अवस्था लहान गावांत त्यामुळेच येते. वर त्या बंबाला कामंही भलतीच. चौक धुणं, पुतळ्याला अंघोळ घालणं, झाडांना पाणी, पुढाऱ्यांच्या सभेबाहेर दिवसभर उभं राहणं. विसर्जनाचा बंदोबस्त मी यात धरत नाही, तिथं त्यांची खरीच गरज असते.

एक विसंगती मात्र मला सतत खुपते. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार प्रत्येक इमारतीच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’ घ्यावा लागतो : आमची आग विझवायची यंत्रणा चालू आहे. पुष्कळ सोसायट्या हे कागदापुरतं करतात, होज बॉक्समधलं नोझल कधीच भंगारात गेलेलं असतं, ते वेगळं. पण नियम तरी आहे. आग विझवायला येणाऱ्या बंबाच्या पंपाबद्दल असं सहामाही प्रमाणपत्र लोकांसमोर लावायची अट त्याच कायद्यात नाही. ती असावी. प्रत्येक केंद्राच्या दारावर एक फळा हवा. गाडीचा क्रमांक, पंपाची शेवटची चाचणी, श्वसनसंच किती चालू, किती दुरुस्तीत. खडूनं लिहिलेलं चालेल.

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या दिवसांत बऱ्याच केंद्रांमध्ये लोकांना आत येऊ देतात, मुलांना बंबावर बसवतात. या वर्षी जा. मुलांचे फोटो काढून झाले की यंत्रचालकाला गाठा आणि पंपाची शेवटची चाचणी कधी झाली ते लॉगबुकात दाखवायला सांगा.